भाजलेली माती : सुरखी आणि सिमेंट यांचा इतिहास

भारतातील बांधकामाच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासाची मांडणी बहुधा ‘चुना गेला आणि सिमेंट आले’ अशी केली जाते. ही मांडणी चुकीची नाही, परंतु तिच्यात एक तिसरा पदार्थ नजरेआड होतो. भाजलेल्या विटा किंवा मातीचे गोळे दळून तयार केलेली लाल पूड, म्हणजे सुरखी, हा तो पदार्थ होय. चुन्याच्या काळात सुरखी हौदांपासून धरणांपर्यंत वापरली गेली, पोर्टलंड सिमेंट रुळल्यावर ती बाजूला पडली, आणि सिमेंटमुळे होणारे कार्बन उत्सर्जन कमी करण्याची व काँक्रीटचे आयुष्य वाढवण्याची निकड निर्माण झाल्यावर तीच भाजलेली माती नव्या नावाने प्रयोगशाळांतून परत येऊ लागली आहे. या ये-जा करण्यामागे एक जुनाच प्रश्न आहे, तो असा की चुना आणि माती यांचा संयोग भट्टीत घडवायचा की भिंतीत घडू द्यायचा. भट्टीत घडवला तर वेळ वाचतो आणि इंधन खर्ची पडते. भिंतीत घडू दिला तर इंधन वाचते, पण वाट पाहावी लागते. बांधणाऱ्या समाजाने कोणत्या काळी किती वाट पाहण्याची तयारी ठेवली, याचा मागोवा घेतला तर सुरखीचा आणि सिमेंटचा इतिहास एकत्र वाचता येतो.

चुन्याचे रसायन साधे आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो चुना मिळतो आणि चव्वेचाळीस किलो वायू हवेत जातो. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो तापतो, फुलतो आणि विरतो, आणि असा विरवलेला चुना भिंतीत बसल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीच्या रूपात घट्ट होतो. दख्खनचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टचा असल्यामुळे तेथे चुनखडीचे मोठे थर विरळ आहेत. त्यामुळे काळ्या मातीत आणि ओढ्या-नाल्यांच्या काठी सापडणारे चुनखडीचे गाठाळ खडे, म्हणजेच कंकर, हाच घाटावरील चुन्याचा मुख्य आधार होता, तर कोकणात आणि गोव्यात समुद्रातील शिंपले भाजून चुना केला जात असे. हा चुना भाजण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात प्रामुख्याने लोणारी समाजाकडे होता आणि त्यातील चुन्याचे काम करणारे ‘चुने लोणारी’, तर मिठाचे काम करणारे ‘मीठ लोणारी’ म्हणून ओळखले जात. भट्टीतून आलेला चुना विरवून, त्यात वाळू मिसळून तो चुन्याच्या घाण्यात मळला जाई. वर्तुळाकार दगडी चरात बैलांनी किंवा रेड्यांनी ओढलेले जड दगडी चाक फिरवण्याची ही रचना सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांवर आजही पाहायला मिळते, आणि तिच्या अस्तित्वावरून एवढे कळते की चुना तयार स्वरूपात गडावर न आणता बांधकामाच्या जागीच मळण्याची रीत होती.

चुन्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा, उडीद, मेथी, डिंक आणि तागाचे तंतू घालण्याच्या परंपरा देशाच्या निरनिराळ्या भागांत होत्या. या पदार्थांची कामे वेगवेगळी होती. गुळासारख्या शर्करायुक्त पदार्थामुळे चुना अधिक काळ कामाला योग्य राहतो आणि त्याला कमी पाणी लागते, चिकट गरामुळे गिलावा पकड घेतो, आणि तंतूंमुळे सुकताना पडणाऱ्या भेगा आवरल्या जातात. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचा निष्कर्ष राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडला, त्यावरून अशा तंतूंच्या वापराची प्राचीनताही ध्यानात येते. विजापूरच्या गोलघुमटाचा सुमारे ३८ मीटर आतील व्यासाचा घुमट, जो सतराव्या शतकाच्या मध्यास पूर्ण झाला, विटा आणि चुन्याच्या जाड थरांतून उभारलेला आहे. वजन केवळ दाबाच्या रूपाने खाली उतरवणाऱ्या रचनेत चुना किती मोठा भार पेलू शकतो, याचे ते दख्खनमधील सर्वांत ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

तथापि शुद्ध चुन्याची एक मूलभूत मर्यादा होती. तो हवेवर घट्ट होतो, म्हणून जाड भिंतीच्या गाभ्यात तो वर्षानुवर्षे मऊ राहू शकतो, आणि पाण्याखाली तर तो घट्ट होतच नाही. या अडचणीवरचा उपाय अनेक संस्कृतींनी शोधला आणि तो सर्वत्र एकाच तत्त्वावर आधारलेला होता. सिलिका आणि अॅल्युमिना ही द्रव्ये योग्य स्थितीत असलेली बारीक पूड चुन्यात मिसळली, तर पाण्याच्या सान्निध्यात तिची चुन्याशी रासायनिक क्रिया होऊन न विरघळणारा, घट्ट बांधणारा पदार्थ तयार होतो. अशा पुडीला स्थापत्यशास्त्रात पोझोलाना म्हणतात. रोमन लोकांना ही पूड इटलीतील नेपल्सच्या उपसागराच्या परिसरात ज्वालामुखीच्या राखेच्या रूपात मिळाली, आणि तिच्या जोरावर त्यांनी समुद्रातील धक्के बांधले व दुसऱ्या शतकात रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट उभारला, जो पोलादाची सळई नसलेला जगातील सर्वांत मोठा काँक्रीटचा घुमट आजही मानला जातो. जेथे अशी राख नव्हती तेथे रोमन गवंडी फुटक्या कौलांचा चुरा वापरत, आणि भारतातील सुरखी हे नेमके त्याच उपायाचे येथील रूप होते.

माती भाजल्याने ती चुन्याशी का संयोग पावते, याचे उत्तर विसाव्या शतकात स्पष्ट झाले. चिकणमातीच्या खनिजांच्या रचनेत पाणी रासायनिक रूपाने बांधलेले असते. साधारण ६०० ते ८०० अंशांच्या दरम्यान ते निघून गेले की खनिजाची सुबक रचना विस्कटते आणि त्यातील सिलिका व अॅल्युमिना क्रियाशील होतात. तापमान फार वाढले तर हीच द्रव्ये नव्या, स्थिर खनिजांत बंदिस्त होतात आणि पूड निष्क्रिय बनते. सुरखीसाठी काळ्या पडलेल्या, अति भाजलेल्या विटा न घेता किंचित कमी भाजलेल्या विटा घ्याव्यात, हा जुन्या बांधकाम-व्यवहारातील दंडक या ज्ञानाच्या कितीतरी आधीचा आहे. कंकराच्या चुन्याचीही गोष्ट अशीच आहे, कारण या खड्यांत मुळातच काही अंश मातीचा असल्यामुळे त्यांचा चुना ओलाव्यातही काही प्रमाणात घट्ट होत असे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अंमलाखाली कालवे, पूल आणि धरणे यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी ही देशी सामग्री नाकारली नाही. उलट तिचे मोजमाप करून तिला नियमांत बसवले. पुण्याजवळील खडकवासला आणि मुंबईला पाणी पुरवणारे तानसा ही धरणे याच काळात चुन्यातील दगडी बांधकामाने उभी राहिली. सुरखीच्या वापराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र दक्षिणेतील मुल्लपेरियार धरण होय. जॉन पेनिक्विक या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८८७ ते १८९५ या काळात बांधलेल्या सुमारे ५३ मीटर उंचीच्या या धरणाचा गाभा चुना-सुरखीच्या काँक्रीटचा आहे. या धरणातून पुढे चुना पाझरून जाऊ लागला, त्यावर सिमेंटचे द्रावण आत दाबून भरण्यासारखे उपाय करावे लागले, आणि त्याच्या सुरक्षिततेवरून केरळ व तमिळनाडू यांच्यातील वाद आजही शमलेला नाही. म्हणून त्याचा दाखला देताना सुरखीची ताकद आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचा उल्लेख व्हायला हवा. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काम केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूर संस्थानात गेल्यावर, १९११ मध्ये सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणातही सुरखीचा वापर झाला. आयात सिमेंट महाग होते आणि सुरखीसाठी लागणारी माती, जळण व मजूर जागेवरच मिळत होते, हे या निवडीमागचे व्यावहारिक कारण होते.

युरोपात याच काळात गणित बदलले होते. जॉन स्मीटन याने १७५६ ते १७५९ या वर्षांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील एडिस्टन दीपगृह बांधताना केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले की मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुनाच पाण्यात घट्ट होतो. या निरीक्षणाचा पुढचा टप्पा म्हणजे चुनखडी आणि माती मुद्दाम एकत्र करून भाजणे. लीड्सचा गवंडी जोसेफ अॅस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, परंतु मिश्रण वितळण्याच्या सीमेपर्यंत तापवून त्याचे कठीण खडे, म्हणजे क्लिंकर, बनवण्याचे तंत्र १८४० च्या दशकात आयझॅक जॉन्सन याच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून स्थिरावले. आधुनिक भट्टीत हे तापमान सुमारे १४५० अंश असते, आणि त्या उष्णतेत चुना व सिलिका यांचा संयोग भट्टीतच पूर्ण होतो; पाणी मिसळल्यावर जे घडायचे ते मग महिन्यांऐवजी तासांत आणि दिवसांत घडते. सुरखीत माती वेगळी, मंद आचेवर भाजली जाई आणि चुन्याशी तिची गाठ भिंतीत पडे; पोर्टलंड सिमेंटमध्ये ती गाठ आगीतच बांधली जाऊ लागली.

भारतात हे सिमेंट आधी इंग्लंडहून पिंपांत भरून येत असे. मद्रास येथे १९०४ मध्ये शिंपल्यांपासून सिमेंट बनवण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. पोरबंदर येथील कारखान्यातून १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धामुळे आयात अडल्यावर देशी सिमेंटला बाजार मिळाला. पुढे किमतींच्या स्पर्धेत कारखाने बुडू लागल्यावर एफ. ई. दिनशा यांच्या पुढाकाराने अनेक कंपन्यांचे एकत्रीकरण झाले आणि १९३६ मध्ये मुंबईत असोसिएटेड सिमेंट कंपनीज, म्हणजे एसीसी, स्थापन झाली. याच दशकात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या इमारतींची रांग उभी राहत होती. सळई घातलेल्या काँक्रीटला लवकर ताकद येणारे, प्रत्येक पोत्यात सारखे असणारे बंधक लागते, आणि ही गरज घाण्यातल्या चुन्याला भागवता येणे शक्य नव्हते. सिमेंटच्या विजयाचे कारण केवळ त्याची ताकद नव्हे. साचे लवकर काढून पुढचा मजला चढवता येणे, हा त्याचा खरा आर्थिक लाभ होता.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भाजलेली माती पूर्णपणे विस्मरणात गेली नाही, कारण सिमेंटचा तुटवडा होता आणि धरणांना ते प्रचंड प्रमाणात लागत होते. भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्ये भाजलेल्या शेलची, म्हणजे थर धरून घट्ट झालेल्या मातीच्या खडकाची, पूड मिसळण्यात आली, तर उत्तर प्रदेशातील रिहंद धरणात औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा वापर झाला. मोठ्या धरणांत या मिश्रणाचा आणखी एक फायदा होता, तो असा की सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णता कमी होऊन अवाढव्य ठोकळ्यांना पडणाऱ्या भेगा टळतात. घरबांधणीत मात्र कथा वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धापासून किंमत आणि वाटप यांवर असलेल्या सरकारी नियंत्रणामुळे सिमेंट ही परवान्याची आणि वशिल्याची वस्तू बनली. महाराष्ट्रात तर सिमेंटच्या वाटपावरून उठलेल्या वादात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले. टंचाईच्या काळात सिमेंटमध्ये काही मिसळणे म्हणजे भेसळ, ही समजूत ग्राहकांच्या मनात पक्की होणे स्वाभाविक होते, आणि शास्त्रशुद्ध मिश्र सिमेंटलाही पुढे या संशयाचा सामना करावा लागला.

या काळात सिमेंट अधिकाधिक घाईचे होत गेले. भारतीय मानकांत ३३ ग्रेडच्या सिमेंटनंतर १९७६ मध्ये ४३ ग्रेडचे आणि १९८७ मध्ये ५३ ग्रेडचे मानक आले. हे आकडे अठ्ठावीस दिवसांनंतर प्रति चौरस मिलिमीटर किती न्यूटन दाब सहन होतो, ते दर्शवतात. लवकर येणारी ताकद म्हणजेच टिकाऊपणा, असा समज यातून रुजला, परंतु ही दोन भिन्न गुणवैशिष्ट्ये आहेत. काँक्रीटमधील सळई तिच्याभोवतीच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणामुळे गंजण्यापासून बचावते. समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड सूक्ष्म छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचले, किंवा हवेतील कार्बन डायऑक्साइडने ती अल्कता कमी केली, की गंज सुरू होतो, गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट आतून फुटते. गोव्यात मांडवी नदीवरील नेहरू पूल दोन दशकेही पूर्ण होण्याआधी, ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तो पूर्वताणित पोलादी तारांना लागलेल्या गंजामुळे. या आणि अशा अनुभवांनंतर काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक २००० मध्ये सुधारले गेले, तेव्हा किनाऱ्यावरील आणि खाऱ्या पाण्यातील परिस्थितीनुसार सिमेंटचे किमान प्रमाण, पाण्याचे कमाल प्रमाण आणि सळईवरील आवरणाची जाडी ठरवून देण्यावर विशेष भर दिला गेला.

येथेच पोझोलानाचे महत्त्व नव्याने लक्षात आले. पोर्टलंड सिमेंट पाण्याशी संयोग पावताना घट्ट बांधणाऱ्या पदार्थाबरोबर बराचसा मोकळा चुनाही तयार करते. हा चुना काँक्रीटच्या ताकदीत विशेष भर घालत नाही आणि वाहत्या पाण्यात विरघळून जाऊ शकतो. क्रियाशील सिलिकेची पूड सोबत असेल तर तीच या चुन्याला पकडून त्याचे बंधकात रूपांतर करते, छिद्रे बारीक होतात आणि क्लोराइडचा प्रवेश मंदावतो. दुसरा लाभ हवामानाशी निगडित आहे. सिमेंट उद्योगाचा वाटा जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे सात ते आठ टक्के मानला जातो, आणि त्यातील साधारण साठ टक्के भाग इंधनातून न येता चुनखडीच्या विघटनातून येतो. म्हणजे भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवली तरी तो टळत नाही. माती भाजताना मात्र तिच्यातून मुख्यतः पाण्याची वाफ निघते. क्लिंकरची जागा जितक्या प्रमाणात अन्य पुडींना देता येईल, तितके हे उत्सर्जन घटते.

भारताने हे प्रथम औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेद्वारे आणि पोलाद कारखान्यांच्या धातुमळीद्वारे साधले. भारतीय कोळशात मातीचे प्रमाण मोठे असल्यामुळे त्याची राखही विपुल असते, आणि बॉयलरच्या आचेत वितळून बारीक गोलाकार कणांच्या रूपात जमलेली ही राख उगमाच्या दृष्टीने भाजलेली मातीच होय. केंद्र सरकारने १९९९ मध्ये राखेच्या वापराबाबत अधिसूचना काढली, त्यानंतर राखेचे मिश्र सिमेंट झपाट्याने पसरले. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर आणि आवारपूर येथील सिमेंटचे कारखाने आणि चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र शेजारी-शेजारी असल्यामुळे चुनखडी, कोळसा आणि राख यांची ही सांगड तेथे सहज जुळली. परंतु कोळशावरील वीज आणि भट्ट्यांतील धातुमळी यांच्या पुरवठ्याला उद्या ओहोटी लागणार, हे गृहीत धरले तर मिश्रणासाठी कायमस्वरूपी, विपुल पदार्थ शोधणे अपरिहार्य ठरते.

तो शोध पुन्हा मातीपाशी आला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठातील कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातील फर्नांडो मार्तिरेना आणि दिल्ली, मद्रास व मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील संशोधक यांच्या सहकार्यातून चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती यांचे संयुक्त सिमेंट विकसित झाले. त्याच्या प्रचलित प्रकारात पन्नास टक्के क्लिंकर, तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि पाच टक्के जिप्सम असते. नवी गोष्ट अशी की भाजलेल्या मातीतील अॅल्युमिना आणि कच्च्या चुनखडीची पूड यांच्यातही क्रिया होऊन छिद्रे भरणारे स्फटिक तयार होतात. त्यामुळे क्लिंकर निम्म्यावर आणूनही ताकद टिकते आणि साध्या सिमेंटच्या तुलनेत कार्बन उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटते. मातीला ७०० ते ८५० अंशांचे तापमान पुरते, म्हणजे क्लिंकरच्या भट्टीहून कितीतरी कमी. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले.

या पुनरागमनाला सुरखीचा विजय म्हणणे मात्र घाईचे होईल. या सिमेंटला केओलिनाइट हे खनिज पुरेशा प्रमाणात, साधारण चाळीस टक्क्यांहून अधिक, असलेली माती लागते. दख्खनच्या काळ्या मातीतील फुगणारे खनिज वेगळे असून त्याची क्रियाशीलता कमी आहे, आणि महाराष्ट्रात चिनी मातीचे साठे सिंधुदुर्गसारख्या मोजक्या भागांत आहेत. मोकळा चुना पोझोलानाने खाऊन टाकल्यामुळे सळईचे संरक्षण करणारी अल्कतेची शिल्लकही घटते, म्हणून पातळ आवरणाच्या आणि अर्धवट पाणी मारलेल्या काँक्रीटमध्ये असे सिमेंट कार्बन डायऑक्साइडपुढे दुबळे ठरू शकते. जुन्या इमारतींचा दाखला देतानाही भान हवे, कारण त्यांच्यात गंजणारी सळई नव्हती, त्यांच्या भिंती जाड होत्या, आणि ज्या पडल्या त्या आज मोजायला शिल्लक नाहीत. त्याच जाणिवेतून पुरातत्त्व विभागाच्या जतनकार्यात चुन्याच्या भिंतींवर चुन्याचाच गिलावा देण्याचा आग्रह धरला जातो, कारण कडक सिमेंटचा थर आतील ओलावा कोंडतो आणि जुना दगड व वीट पोखरतो.

सुरखीच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष म्हणूनच पदार्थापेक्षा व्यवहाराविषयी अधिक आहे. अठ्ठावीस दिवसांची ताकद ही पसंतीची एकमेव कसोटी राहिली, तर पोझोलाना मिसळलेले सिमेंट बहुधा कागदावर मागे पडते, कारण त्याची ताकद नंतरही वाढत राहते; धरणांच्या कामात नव्वद दिवसांची ताकद ग्राह्य धरण्याची पद्धत रूढ आहे, आणि ती अन्य बांधकामांतही जेथे शक्य आहे तेथे आणता येण्यासारखी आहे. किमान दहा दिवस पाणी मारण्याची अट कंत्राटात लिहिलेली असते, पण तिची तपासणी क्वचितच होते, आणि मिश्र सिमेंटची सारी गुणवत्ता त्या तपासणीवर अवलंबून असते. भाजलेली माती सिमेंटच्या गोणीत पुन्हा आली आहे. तिला भिंतीत आपले काम पुरे करण्याइतका अवधी मिळेल की नाही, हे भट्टीचे तापमान ठरवणार नाही, तर निविदेतील मुदतीची आणि देखरेखीची कलमे ठरवतील.